बावन्न दिवस

बाइंडरबाईंचे दोन्ही मुलगे एकमेकांशी बोलत नसत, त्याला नऊ वर्षं झाली होती. कारण काय, तर एका कपाटाची वाटणी. कपाट केव्हाच वाळवीनं फस्त केलं. अबोला मात्र ठणठणीत होता. दोघांमधलं टपालखातं म्हणजे आई. काही दिवस ती थोरल्याकडे, काही दिवस धाकट्याकडे, आणि "त्याला सांग", "त्यालाच विचार" असले निरोप इकडून तिकडे पोचवायचे.

बाई बहात्तर वर्षांच्या. त्यातली चाळीस वर्षं पुस्तकं बांधण्यात गेली. बाइंडिंगचा कारखाना बंद झाला तेव्हा मालकानं मागची खोली त्यांना वापरायला दिली होती. वाचनालयाची फाटकी पुस्तकं अजून तिथे येत. आई दुपारी दोन तास वेळ घालवायला जाते, अशी मुलांची समजूत होती आणि बाईंनी ती मोडली नव्हती.

मग एके दिवशी दोन्ही घरांत करखात्याची नोटीस पडली. म्हाताऱ्या आईवडिलांना जो सांभाळतो त्याला करात सवलत मिळते, आणि ती दोघांनीही घेतली होती. एकच आई दोन रिटर्नमध्ये! वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस ती कुणाकडे होती, त्याची तारीखवार यादी आणा, खोटी निघाली तर दंड होईल, आणि आईलाही सोबत आणा, असं खात्यानं कळवलं होतं.

"त्याला सांग, हे बरं नाही केलंस," थोरला म्हणाला.

"त्यालाच विचार, तुझी औषधं कोण आणतं ते," धाकटा म्हणाला.

बाईंनी दोन्ही निरोप पोटात ठेवले. गेली तीन वर्षं त्या थोरल्याला "धाकट्याकडे जाते" असं सांगून निघत आणि धाकट्याकडे पोचत चार-पाच दिवसांनी. परततानाही तेच. मधले दिवस त्या खोलीत. एक खाट, एक स्टोव्ह, खळीचं भांडं आणि कुणाचा निरोप नाही! मुलं बोलत नव्हती म्हणून हे खपून गेलं होतं. आता याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की खोली हातची जाणार, याची त्यांना खात्री होती.

कर कार्यालयातल्या अधिकारी बाई तरुण होत्या, पण नजर जुन्या मास्तरणीची. दोन्ही मुलगे टेबलाच्या दोन टोकांना बसले, आई मधे. बसायची जागासुद्धा ठरलेली.

"यांच्याकडे एकशे एकसष्ट दिवस, त्यांच्याकडे एकशे बावन्न," अधिकारी बाई म्हणाल्या. "झाले तीनशे तेरा. निम्मं वर्ष कुणाकडेच भरत नाही. शिवाय बावन्न दिवस गायब आहेत. कुणीतरी यादी चुकीची दिली आहे."

"हा खोटं लिहितोय," धाकटा म्हणाला.

थोरला ताडकन उभा राहिला. "मी खोटं? तेव्हा तुझ्याकडेच होती की ती!"

"माझ्याकडे कुठे? तुझ्याकडे होती!"

नऊ वर्षांनंतर दोघं एकमेकांशी बोलले ते हे. बाईंना रडावं की हसावं कळेना.

"खाली बसा," अधिकारी बाईंनी दटावलं. "एकाला तर दंड होणारच. कुणाला, एवढंच ठरवायचंय."

बाई गप्प बसल्या असत्या तर खोली वाचली असती, आणि एक मुलगा कागदोपत्री खोटारडा ठरला असता. त्यांनी पिशवीतून कामाची वही काढली. कुठलं पुस्तक कोणत्या दिवशी शिवलं, ते आणि त्या रात्री मुक्काम कुठे, हे पेन्सिलीनं लिहायची त्यांची सवय. बावन्न तारखांपुढे एकच शब्द होता, ‘खोली’.

"मुलांनी खोटं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "खोटं मी बोलले. दोघांशी."

अधिकारी बाईंनी वही चाळली आणि दोघांच्याही सवलती काढून टाकल्या. दंड नाही, फक्त राहिलेला कर भरायचा. तिघं निघताना त्यांनी हळूच विचारलं, "आजी, आमच्या दप्तराच्या फाइली शिवून द्याल का?"

बाहेर पायऱ्यांवर थोरल्यानं आईला थांबवलं. "आई, आमच्याकडे काय कमी होतं गं?"

"कमी काही नव्हतं. पण तुझ्या घरी जपून बोलायचं, त्याच्या घरीही जपून बोलायचं. दमले रे मी."

दोघांनाही खोली बघायची होती. बसायला एकच स्टूल, त्यावर बाई बसल्या. मुलं उभीच राहिली, एक दाराशी, एक खिडकीशी.

"उद्या सामान हलवू," धाकटा म्हणाला.

"काही हलवायचं नाही," बाई म्हणाल्या आणि अर्धवट शिवलेलं पुस्तक मांडीवर घेतलं. "खोली राहील. मीही राहीन."

कोपऱ्यातला नळ टपटपत होता. थोरल्यानं तो पिळून पाहिला. थांबेना.

"आई, त्याला विचार, गाडीत पान्हा आहे का."

बाईंनी सुईत दोरा ओवला. "तो तुझ्या समोर उभा आहे," त्या म्हणाल्या. "मी कामात आहे."