होळीच्या बावाचा फोटो

"त्याच्या तोंडाला पाणी लागलं तर बघ!"

गिऱ्हाइकाची बहीण ओरडली ती अक्कलकुव्यातल्या माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात. आवाज असा, की गुजरातकडे निघालेल्या दोन ट्रकांनी हायवेवर ब्रेक मारले आणि माझ्या हातातला ओला टॉवेल भीतीनेच अर्धा वाळला.

कॅमेऱ्यासमोर तिचा धाकटा भाऊ बसला होता. काठी गावची होळी नाचून सरळ डोंगरावरून उतरलेला. अंगभर राख, राखेवर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं. आई दुखण्यातून उठावी म्हणून नवस बोलून तो बावा झाला होता, आणि नवस फिटेपर्यंत बावाच्या अंगाला पाणी लागत नाही. इकडे नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज त्याच संध्याकाळी पाचला बंद होणार. जुना फोटो चालणार नव्हता. वेबसाइटला माणूस समोर बसलेला, जिवंत हवा होता.

आधी मी ऐटीत होतो. माझ्याकडे येऊन फोटो निघाला नाही असा माणूस तालुक्यात जन्मायचाय. एका आजोबांचे मिटलेले डोळे मी नुसतं पेन्शनचं नाव काढून उघडलेत. पण स्क्रीन काळीठिक्कर. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक केलं, तर कॅमेऱ्याला परवानगीच नाही. आधीचं कोणी गिऱ्हाईक 'ब्लॉक' दाबून गेलेलं. परवानगी दिली, पान रिफ्रेश केलं. तरी काळी. शोधता शोधता सापडलं, मागे व्हिडिओ कॉल उघडा राहिला होता आणि कॅमेरा त्यानेच धरून ठेवला होता. तो बंद केला तेव्हा कुठे चित्र आलं.

चित्र आलं, चेहरा नाही. चेहऱ्यासाठी आखलेल्या गोलाच्या आत एक काळी सावली आणि खाली लाल अक्षरं: चेहरा आढळला नाही. त्याला पुढे सरकवलं, मागे सरकवलं, हनुवटी वर करायला लावली. लाल अक्षरं ढिम्म. घड्याळ मात्र तापीच्या पुरासारखं धावत होतं. शेवटी मी निदान करून टाकलं, "भाऊ, राखमुये मशीनले तुन्हा चेहरा दिखी नही ऱ्हायना. धुई टाक."

तो शांतपणे म्हणाला, "आई कालपासून भिंत धरून उभी राहते. मी धुणार नाही."

मी मागे जाऊन गुपचूप टॉवेल भिजवला. घाम पुसायच्या मिषाने एक हात फिरवायचा, देवाला कळायच्या आत फोटो काढायचा, असा माझा बेत. देवाला कळला की नाही ठाऊक नाही, बहिणीला कळला.

पाचला थोडाच वेळ उरला होता. पोरगा उठला, घुंगरं वाजली. "राहू दे, ताई. पुढच्या वर्षी भरू."

दारात हे एवढं गाव जमलं होतं, मोबाइल उंच धरून पाठमोऱ्या बावाचे फोटो काढत होतं. बहीण तरातरा गेली आणि त्यांच्या नाकासमोर शटर खाडकन खाली ओढलं. परत येऊन भावाचा खांदा दाबून त्याला खुर्चीत बसवलं.

इतका वेळ दारातून उतरतं ऊन त्याच्या पाठीमागून थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात शिरत होतं. आता नुसती ट्यूबलाइट, तीही सरळ त्याच्या तोंडावर. गोल हिरवा झाला. राख, ठिपके, डोळे, सगळं लख्ख. मी श्वास धरून बटण दाबलं. फोटो चढला. अर्ज गेला.

माझ्या अंगात पुन्हा वारं भरलं. म्हणालो, "पाहिलंत ताई? परवानगी दिली, अडकलेला कॅमेरा सोडवला, उजेड जुळवला. दुसऱ्या दुकानात गेला असतात तर वर्ष वाया होतं."

ती शटर वर करत होती. मागे वळलीसुद्धा नाही.

"शटर मी ओढलं," ती म्हणाली.