लांबच्या रस्त्याने रत्नागिरीला

चिपळूणहून रत्नागिरीला जायचं तर सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा असा सरळ हायवे आहे. दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. त्या मे महिन्यात मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, गुहागरवरून जाऊ या का? समुद्राच्या कडेकडेने. वेळणेश्वरला एक मुक्काम करू."

ते गाडी पुसत होते. "लांब पडेल," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बरं, जाऊ या."

लांब पडावं म्हणूनच मी म्हणत होते. साडेचार वर्षांच्या भाचीला आम्ही तिच्या वडिलांकडे सोडायला निघालो होतो. कायमचं.

माझ्या धाकट्या बहिणीची ती मुलगी. ती आठ महिन्यांची असताना बहीण तापाने गेली, चार दिवसांत. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, आठ-आठ महिने समुद्रात. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, हिची शाळा सुरू होईपर्यंत सांभाळा. तोवर मी जमिनीवरचं काहीतरी बघतो." मी हो म्हटलं. आठ महिन्यांच्या बाळाची शाळा तेव्हा फार लांब वाटली होती.

आम्हाला मूल नाही. तरी मी तिला कधी 'आई' म्हणू दिलं नाही, ते बहिणीचं होतं. 'मावशी' तिच्या जिभेला जमेना, म्हणून ती मला 'माऊ' म्हणायला लागली. बाबा तिला माहीत होते. ते व्हिडिओ कॉलवर दिसायचे, सुट्टीत खाऊ घेऊन यायचे आणि दोन दिवस राहून जायचे. तिच्या लेखी ते लाडके पाहुणे होते.

त्यांनी शब्द पाळला. जहाज सोडलं, रत्नागिरीत नोकरी धरली, लांज्याच्या एका मुलीशी लग्न केलं. त्या मुलीने मला आपणहून फोन केला. पोर काय खाते, कशाला घाबरते, डोक्याला कुठलं तेल लावता, सगळं विचारून घेतलं. मी सांगत होते आणि पलीकडे ती वहीत लिहून घेत होती. तिच्यात खोट काढावी असं मला फार वाटत होतं. काढता आली नाही.

पोरीला मात्र कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं. तिच्या बाबांनी फोनवर दोनदा विचारलं, "ताई, तिला सांगितलंत ना?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "हो, सांगितलंय."

सांगितलं नव्हतं. आपण फिरायला चाललोय आणि मग बाबांकडे जायचंय, एवढंच तिला ठाऊक होतं. तिच्या कपड्यांच्या दोन बॅगा मी ती उठायच्या आत डिकीत टाकल्या.

वेळणेश्वरला आम्ही दुपारी पोचलो. देवळात जाऊन आलो, जेवलो, आणि ऊन उतरल्यावर किनाऱ्यावर गेलो. तिने यांना, तिच्या काकांना, ओल्या वाळूत बसवलं आणि गुडघ्यापर्यंत त्यांचे पाय पुरले. "उठायचं नाही हं," असा दम भरून ती पाण्याकडे पळायची, ओंजळ भरून आणायची, येईपर्यंत ती रिकामी व्हायची, मग पुन्हा पळायची. भरतीचं पाणी कमरेशी आलं तरी ते उठले नाहीत. इस्त्रीची पँट घालून बसलेला तो माणूस बघून बाजूची मंडळी हसत होती.

ती लांब गेल्यावर ते मला म्हणाले, "आज सांग तिला."

"उद्या सांगते. आज राहू दे ना."

"तुला जमत नसेल तर मी सांगतो."

"नको," मी म्हटलं. "मीच सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो तिथल्या बाईंनी तिला तिखटमीठ लावून कैरी दिली. मी पुरे म्हणत असताना तिने सगळ्या फोडी संपवल्या. हेदवीच्या पुढे वळणांवर तिला मळमळायला लागलं आणि मी पिशवी उघडेपर्यंत तिला उलटी झाली. बाबांकडे जायचं म्हणून घातलेला नवा पिवळा फ्रॉक, सीट, सगळं खराब झालं.

मी तिच्यावर ओरडले. "सांगत होते ना पुरे म्हणून? ऐकायचंच नाही कधी! आता अशी जाणार का बाबांकडे?"

एरवी मी तिला असं बोलत नसे. यांनी गाडी बाजूला घेतली. सड्यावरच्या उघड्या कातळावर कुठे सावलीचं झाड नव्हतं. गाडीच्या आडोशाला तिला उभी करून मी बाटलीतल्या पाण्याने धुतलं, दुसरा फ्रॉक घातला. ती हात वर कर म्हटलं की वर करत होती, खाली कर म्हटलं की खाली. रडली नाही.

तवसाळला फेरीबोटीसाठी थांबावं लागलं. तिथे एक म्हातारी द्रोणातून करवंदं विकत होती. तिने पोरीच्या हातावर चार करवंदं ठेवली आणि मला म्हणाली, "लेक अगदी तुझ्यावर गेलीय गो."

"हो," मी म्हटलं.

हे शेजारीच उभे होते. त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं.

बोट सुटली तशी पोर पुन्हा खुलली. आपली गाडी बोटीत चढली याचंच तिला नवल. "माऊ, गाडी बुडणार नाही ना? गाडीला पोहता येतं?" मी तिला कठड्याशी घेऊन उभी होते. पलीकडचा किनारा जवळ येत होता. हे गाडीत बसून माझ्याकडेच बघत होते.

मी म्हटलं, "सोन्या, तुला एक सांगू?"

"सांग."

तिच्या ओठांना करवंदाचा जांभळा रंग लागला होता.

"तो बघ समोर जयगडचा किल्ला," मी म्हटलं.

मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. आरे-वारेच्या चढावर सगळे थांबतात तसे आम्हीही थांबलो, फोटो काढले. त्या फोटोंत मी हसतेय.

रत्नागिरीत बिल्डिंगखाली तिचे बाबा वाट बघत उभे होते. वर दारात त्यांच्या बायकोने पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरीला ती गंमत वाटली. नाचतच ती घरात गेली. तिच्यासाठी खोली तयार केली होती. खिडकीला माशांचे पडदे, भिंतीला लागून छोटं टेबल. बाबांनी कपाट उघडून दाखवलं, "हे तुझं. इथे तुझे कपडे ठेवायचे."

"पण माझे कपडे तर चिपळूणला आहेत," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं. "ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात..."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही दोघी बोला, आम्ही बाहेर आहोत," आणि जाताना तिने दार नुसतं ओढून घेतलं.

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "बाळा, आता तू इथे राहायचं. बाबांकडे. तुझी शाळा इथेच आहे."

"आणि तू?"

"मी आणि काका चिपळूणला."

"मग मला न्यायला कधी येणार?"

"दिवाळीला आपल्याकडे यायचं ना तू. आठ दिवस."

ती विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, "मी उलटी केली म्हणून?"

पहिल्यांदा मला कळलंच नाही.

"आता नाही कैरी खाणार," ती म्हणाली. "माऊ, खरंच नाही खाणार."

मी तिला किती वेळा सांगितलं की तसं नाही, तुझं काही चुकलं नाही, तू खूप शहाणी आहेस. पण मग का, याचं उत्तर साडेचार वर्षांच्या मुलीला पटेल असं माझ्याजवळ नव्हतं. दोन दिवस मिळाले होते मला. समुद्रावर, बोटीवर, गाडीत सावकाश सांगता आलं असतं, तिला हवं तितकं विचारता आलं असतं, रडता आलं असतं. मी ते दोन दिवस माझ्यासाठी ठेवून घेतले.

जेवणानंतर तिचे बाबा म्हणाले, "ती झोपली की निघा, म्हणजे त्रास नको."

"नाही," मी म्हटलं. "सांगूनच निघेन." तेवढं एक मी धड केलं.

तिने माझ्या कमरेला मिठी मारली ती सुटेना. शेवटी त्यांच्या बायकोने तिला उचललं. पोरीने तिला मारलं, बोचकारलं. तिने ते सगळं अंगावर घेतलं आणि आम्हाला मानेनेच जा म्हणून खुणावलं. जिना उतरताना खालपर्यंत 'माऊ' ऐकू येत होतं.

परत आम्ही हायवेने निघालो. हातखंब्याला चहासाठी थांबलो, पण हे गाडीतून उतरेनात. स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडायला लागले. बहीण गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाहेर ट्रकवाले, एसटीची माणसं, वडे तळणारे, आणि काचा वर करून आम्ही दोघं आत.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. तिच्या नव्या आईचा. आवाज दमलेला होता. "ताई, ती जेवते, खेळते, पण झोपत नाही हो. थकून डोळे मिटतात आणि दचकून उठते. मी सगळं करून बघितलं. तुम्ही कशी झोपवत होता?"

पोरीला झोपताना कानाची पाळी लागते. आपलं डोकं तिच्या जवळ न्यायचं, मग ती चिमटीत पाळी धरून चोळत बसते आणि पाच मिनिटांत झोपते. तान्ही असल्यापासूनची तिची सवय. ती वहीत लिहून घेत होती तेव्हा मी एवढं एक सांगितलं नव्हतं. विसरले नव्हते, मुद्दाम ठेवलं होतं.

मी सांगितलं. "डावा कान द्या," म्हटलं. "कानातलं काढून ठेवा, नाहीतर टोचतं तिला."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "बरं ताई."

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, 'झोपली.' मी तो यांना दाखवला. ते म्हणाले, "बरं झालं," आणि कामावर गेले. मी घरात एकटीच राहिले, आणि कितीतरी वेळ डावा कान हातात धरून स्वयंपाकघरात बसले.

आता ती तिसरीत आहे. दिवाळीत येते, मे महिन्यात येते. मला 'मावशी' म्हणते, स्पष्ट. लांज्याच्या त्या मुलीला 'आई' म्हणते, आणि तिने ते मिळवलेलं आहे. इथे आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला आईची आठवण यायला लागते. मग मीच फोन लावून तिच्या हातात देते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते.