बाईंचं पान

आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की त्याला आधी दोन गोष्टी सांगतात. स्टाफरूमची किल्ली कुठं असते, आणि पीटीच्या मॅडमच्या वाटेला जायचं नाही. मी तापट आहे, हे अख्ख्या बारामतीला माहीत आहे. कबड्डीत मी डावा कोपरा खेळायचे. चढाईला आलेलीचा घोटा एकदा हातात आला की सोडायचा नाही, एवढीच माझी अक्कल, आणि पुढं नोकरीतही मी तीच वापरली. म्हणून टीम विकली गेली तेव्हा तुम्ही काय केलं, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. धरायला घोटाच सापडला नाही.

टीम आबांची होती. आबांचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं, लासुर्ण्याच्या अलीकडं मोठा मळा होता. सहा वर्षांपूर्वी चारपाच जिल्ह्यांत मिळून मुलींची कबड्डी लीग सुरू व्हायची होती, त्यातली एक टीम आबांनी विकत घेतली. टीम म्हणजे तेव्हा नुसते कागद आणि एक निळी मॅट. शाळेच्या मैदानावर येऊन ते म्हणाले, "बाई, मला ह्यातलं काय बी कळत न्हाय. पोरी तुमी आना, बाकीचं मी बगतो."

मी पोरी आणल्या. दोघीतिघी आमच्या जळोचीतल्याच, काही भवानीनगरच्या, बाकीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या. कॅप्टन लासुर्ण्याची. तिचे वडील दुधाचा टेम्पो चालवायचे. येताना ती टेम्पोत कॅनच्या मध्ये बसून यायची, परत जाताना रिकाम्या कॅनच्या मध्ये. वडिलांची अट एकच होती, दिवस मावळायच्या आत पोरगी घरात पाहिजे. मी ती अट सहा वर्षं पाळली, कारण अशी चढाई मी जन्मात पाहिली नव्हती. निदान रेषा ओलांडून ती आत घुसायची आणि समोरच्या पोरींना कळायच्या आत परत यायची. आणखी एक सीझन चांगला गेला असता तर राज्याच्या निवडीत तिचं नाव आलंच असतं. मला तेवढंच हवं होतं. आजही तेवढंच हवं आहे.

जेवणाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे.

मॅच जिंकली की दुसऱ्या दिवशी आबांच्या मळ्यात मटणाचं जेवण. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, स्टीलच्या ताटांची चळत, बाजरीच्या भाकरी. पण मुलींची पंगत बसायच्या आधी आबा आत हाक द्यायचे, "आदी बाईंचं पान मांडा. त्यांचा मान हाय." आणि खरोखरच पान यायचं. केळीचं, हिरवंगार, धुऊन आणलेलं. रश्शाला द्रोण, प्यायला सीलबंद बाटली. ओसरीवर मी एकटी. माझं जेवण होऊन मी हात धुतल्याशिवाय मुली बसायच्या नाहीत आणि आबाही बसायचे नाहीत.

माझी आई आयुष्यभर शेवटी जेवली, पातेलं पुसून. सासूबाईंचंही तेच. आणि इथं एक बडा बागायतदार, त्याचे भाऊ, शोरूमची माणसं, सगळे पुरुष उपाशी थांबलेत आणि एक बाई आधी जेवतेय. सांगायला लाज वाटते, पण मला फार भारी वाटायचं. द्रोणातून रस्सा गळून कोपरापर्यंत ओघळ यायचा, तरी भारी वाटायचं. मी उठले रे उठले की स्वयंपाकाची बाई येऊन ओसरी पुसून घ्यायची. मला वाटायचं, काय ही स्वच्छता, नाहीतर आमचं घर.

घरी येऊन मी हे सगळं नवऱ्याला रंगवून सांगायचे. तो सरकारी कचेरीत आहे, माणूस अबोल. एकदा त्यानं एवढंच विचारलं, "पान सगळ्यांना असतं, की तुला एकटीला?"

"मला एकटीला," मी ऐटीत म्हणाले.

त्यानं पेपर पुन्हा उघडला. त्याचाच मला राग आला. आजोबांनी दीक्षा घेतली, वडील मास्तर झाले, मी बीपीएड केलं, जळोचीत घर बांधलं, आता तरी तो चष्मा काढून ठेव, असं मी त्याला ऐकवलं. वर मी त्याच्याशी दोन दिवस बोललेही नाही.

मागच्या सीझनला आम्ही उपांत्य फेरीत गेलो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन वाजला. 'आपली टीम' हा आमचा व्हॉट्सअॅपचा ग्रुप, आबांनीच काढलेला, नावही त्यांनीच दिलेलं. त्यावर त्यांचा आवाजातला निरोप आला होता. फोन कानाला लावला. "ऐक गं, पोरी येनार हायेत चार वाजता. मटान वाडीव कर. बाईंचं पान आदी वाड, नेहमीसारखं." मी स्टाफरूममध्ये बसून हसले. शेजारच्या मॅडमना म्हणाले, बघा, याला म्हणतात मान.

निरोप अजून संपलेला नव्हता. "घरातलं ताट-वाटी काडू नगं त्यांना. अन् उठल्या की पान लगीच उचल, मागच्या येळंसारकं पडून ऱ्हायला नको."

स्वयंपाकाच्या बाईला पाठवायचा निरोप चुकून ग्रुपवर पडला होता. मी तो पुन्हा ऐकला. पुन्हा ऐकला. आवाजात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. ट्रॅक्टरला डिझेल टाक म्हणावं तसा साधा आवाज. मला टोचला तो एकच शब्द, 'नेहमीसारखं'. तो शब्द मागं मागं जात राहिला आणि सहा वर्षांतलं एकेक जेवण नासवत गेला. सीलबंद बाटली. एकटीची ओसरी. पुसायचं फडकं. एखाद्या रागीट बाईनं आपल्या रागाचा एवढा अभिमान बाळगावा आणि सहा वर्षं तिला दिसूच नये?

गंमत सांगते. टीममधली एक पोरगी आमच्यातलीच होती. तिच्या आडनावावरून कुणाला कळत नसे. ती सहा वर्षं त्याच शेडमध्ये, त्याच स्टीलच्या ताटात जेवली, दोनदोनदा रस्सा मागून. ताटांना काही झालं नाही.

आबांनी थोड्या वेळानं निरोप काढून टाकला. पण पंधरा पोरींनी ऐकलेला निरोप कुठं निघतो? कुणीतरी तो भावाला पाठवला, भावानं मित्राला. सांजेपर्यंत बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांत तो वाजत होता. शोरूमसमोर माणसं जमली, घोषणा झाल्या. विहारातली मंडळी घरी आली. म्हणाली, "ताई, फिर्याद द्या, आमी हाओत पाठीशी." आबांच्या बाजूचे दोघंजण आले. म्हणाले, "बाई, एका पानापायी टीम जाईल, इचार करा." मी दोन्हीकडच्यांना चहा दिला. फिर्याद दिली नाही आणि माफही केलं नाही. दोन्हीकडच्यांना मी भित्री वाटले. मला फक्त उपांत्य फेरी दिसत होती आणि टेम्पोतून येणारी ती पोरगी. नवऱ्यानं, 'मी म्हणत नव्हतो?' असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग आबा स्वतः आले. गाडी लांब लावून चालत आले. दारात चपला काढल्या आणि खुर्चीच्या कडेला बसले. म्हणाले, "बाई, तुमी मोबाईलवर एवडंच बोला, की माजा आबांवर राग न्हाय. लीगवाल्यांना तेवडं दाकवलं की टीम ऱ्हाईल."

माझ्या तोंडातून भलताच प्रश्न गेला. "आबा, नेहमीसारखं म्हणजे कधीपासनं?"

ते जमिनीकडं बघत म्हणाले, "आई होती तवापासनं. तिचं सोवळं कडक व्हतं. मीच म्हनालो, मग पान मांडा, बाईंना वाईट न्हाय वाटायचं. आई गेली. पर ते तसंच चालू ऱ्हायलं. बंद करा म्हनायचं कुनाला सुचलंच न्हाय."

त्यांची आई पहिल्या सीझनलाच गेली होती. मी अंत्ययात्रेला गेले होते.

"तुमाला कळलं नसतं," ते हळूच म्हणाले, "तर काय बी बिगडलं नसतं, बाई." यावर मला भडकायचं होतं. पण ते खरंच होतं. मला कळलं नसतं तर मी आणखी दहा वर्षं ऐटीत जेवले असते, टीम राहिली असती, पोरगी खेळली असती. त्यांनी मोबाईल पुढं केला. मी तोंड उघडलं. त्या वेळी मला खरंच टीमसाठी खोटं बोलायचं होतं, आणि ते जमलं नाही. आबा उठले, चपला घातल्या आणि गेले. चहा तसाच होता.

उपांत्य फेरी आम्ही हरलो. सीझन संपला तसा लीगच्या कमिटीनं आबांना निरोप दिला की टीम विकून मोकळे व्हा. मी एसटीनं पुण्याला त्यांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, "मी तक्रार केलेली नाही. टीम बारामतीतच ठेवा. मालक बदला हवं तर, पण गावातलाच बघा."

टेबलामागचा गृहस्थ सभ्य होता. त्यानं मला आधी पाणी दिलं, काचेच्या पेल्यात. मग म्हणाला, "मॅडम, हा तुमचा वैयक्तिक प्रश्न नाहीये. लीगच्या प्रतिमेचा प्रश्न आहे."

"पान माझं होतं," मी म्हणाले. त्याला ते कळलं नाही.

टीम घेतली ती लांबच्या जिल्ह्यातल्या एका बांधकाम कंपनीनं. त्यांचा स्वतःचा कोच होता, मुलींसाठी हॉस्टेल होतं. ज्यांना यायचं त्यांनी यावं, असं पत्र आलं. मी लासुर्ण्याला कॅप्टनच्या घरी गेले. तिचे वडील टेम्पो धूत होते. पाईप बंद करून माझ्याशी बोलले.

"मॅडम, तुमी तितं असत्या तर डोळं झाकून धाडली असती. तुमी न्हाय, मग कुनाच्या जिवावर धाडू?"

मी म्हटलं, हॉस्टेल चांगलं आहे. म्हटलं, पुढच्या वर्षी राज्याच्या संघात जाईल. ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "चूक तुमची न्हाय, मला म्हाईत हाय. पर पोरीची बी न्हाय की." पोरगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

हस्तांतराचा कार्यक्रम बारामतीतच एका मंगल कार्यालयात झाला. आबांनी सह्या केल्या. सहा वर्षांत मिळालेले करंडक नव्या कंपनीच्या मॅनेजरच्या हवाली केले. कुणी फोटो काढायला लागलं की ते तोंड फिरवत होते. मला शाल, नारळ दिला. कॅप्टननं धुऊन, इस्त्री करून आणलेली जर्सी टेबलावर ठेवली, कारण जर्सी टीमची असते.

मग जेवण. टेबलावर स्टीलच्या ताटांची चळत, पुढं भात, भाजी, जिलेबी. आणि कुणी हलेना. मग माझ्या लक्षात आलं. मुलींना काय करावं ते कळत नव्हतं. 'मॅडम, आधी तुम्ही' म्हणावं तर ते आबांचं वाक्य होतं. माझ्याआधी ताट घ्यावं तर सहा वर्षांत त्यांनी ते कधी केलं नव्हतं. पंधरा पोरी ताटांपासून हातभर लांब उभ्या. आबा खांबाजवळ उभे. मी नेहमी मैदानावर शिट्टी मारून त्यांना हलवायचे. इथं शिट्टी नव्हती.

मॅनेजर तरुण होता, लांबच्या गावचा, त्याला यातलं काही नीटसं ठाऊक नव्हतं. त्यानं वरचं ताट उचलून माझ्यापुढं धरलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही. तुमचा मान आहे."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. बिचाऱ्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मी ताट घेतलं. भात वाढून घेतला, भाजी घेतली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. कॅप्टन माझ्यामागोमाग आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली, रिकाम्या हातानं.

"तू घे की," मी म्हणाले.

"तुमी सुरू करा, मॅडम."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती प्रेमानं थांबली होती, की सवयीनं, की मला वाईट वाटू नये म्हणून, मला ओळखता येईना. याच पोरीच्या पावलावरून ती कुठं वळणार ते मला आधी कळायचं. टीम आबांची होती, ती त्यांनी विकली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कुणी माझा मान ठेवला तर तो मान आहे एवढं समजायची माझी जी साधी बुद्धी होती, ती काही त्यांच्या मालकीची नव्हती, तीही गेली.

भात गार होत होता. मी पहिला घास घेतला, तेव्हा कुठं मुली ताटांकडं वळल्या.