फळीवरचा पियानो

नातीनं विचारलं, "आजी, गिटार घेऊ का पियानो?" आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलं की उठून पळून जावंसं वाटलं. आमच्या घरात एक गोष्ट फार वर्षांपासून चालत आलेली आहे : आजी लग्नाआधी पियानो वाजवायची. ही गोष्ट पसरवली कोणी? मीच.

आमच्या नालवाडीच्या घरी दिवाणावर दोन्ही वाद्यं मांडून ठेवली होती. विजेवर चालणारा लांबट पियानो क्लासवाल्यांनी दोन दिवसांसाठी दिलेला, गिटार तिच्या मैत्रिणीची मागून आणलेली. सोमवारी क्लासमध्ये सांगायचं होतं. घ्यायचं एकच, आणि मग तेच शिकायचं. पोरीचे डोळे गिटारीवरून हलत नव्हते. पण माझा मुलगा म्हणत होता, "पियानोच घे. आजीचं रक्त आहे तुझ्यात."

माझ्या रक्तात काय आहे ते त्या घरात दोघींनाच माहीत होतं. एक मी. दुसरी माझी धाकटी बहीण. ती डोळे दाखवायला वडनेरहून आली होती आणि कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. एक शब्द बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"कोणतं सोपं आहे, आजी?"

मी सांगू लागले. पियानोत सूर आधीच करून ठेवलेले असतात, पंगतीत पत्रावळी मांडाव्या तसे ओळीनं. बोट ठेवलं की सूर. तुझं बोट असो की मांजरीचा पाय, सूर तितकाच शुद्ध येतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी वाटतं, आपल्याला येतं. डावा हात उजव्याचं ऐकेनासा होतो तेव्हा खरं कळतं, पण त्याला सहा महिने जातात. घमेंडखोर माणसाला याहून चांगलं वाद्य नाही. गिटार पहिल्याच दिवशी तोंडावर सांगते, तुला काही येत नाही. एका सुराला दोन्ही हात लागतात, एक दाबायला, एक छेडायला. दाबलेलं बोट केसभर सरकलं की तार फडफडते, मानगूट धरलेल्या कोंबडीसारखी. रोज तिचे कान पिळा, रोज ती उतरते. वर बोटांची टोकं सोलून निघतात ती वेगळीच.

"तुला कसं माहीत? तू गिटार पण वाजवायची?"

कोपऱ्यात तुरीची शेंग फुटल्याचा आवाज आला.

मी नाही वाजवायची. ती वाजवायची.

आमचे बाबा वर्ध्यात एका शाळेत चपराशी होते. शाळेच्या हॉलमध्ये कोण्या साहेबाच्या काळातला पियानो होता. गाण्याच्या बाईंनी मला काही महिने त्यावर प्रार्थना शिकवली, मग त्यांची बदली झाली. हॉलला कुलूप लागलं आणि पियानोच्या पोटात उंदरांनी संसार मांडला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा बिचारे मोडक्या बाकाची फळी घेऊन आले. कागदाच्या पट्टीवर पियानोचं माप घेतलं, फळीवर चुन्यानं पांढऱ्या पट्ट्या आखल्या आणि फळ्याला द्यायच्या काळ्या रंगानं काळ्या. "घे. हात तरी चालू राहील."

हात चालू राहिला. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत माझा एकही सूर चुकला नाही. चुकणार कसा? मी डोळे मिटून, मान डोलवत फळी बडवायची आणि वस्तीतल्या पोरींना सांगायची, "कान लागतो ऐकाले." अठरा वर्षांची घोडी. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या कानाखाली असा सूर काढीन की तिला सातही सप्तकं ऐकू येतील.

बहिणीसाठी रेल्वेतल्या मामांनी एक जुनी गिटार आणली होती, सहापैकी पाच तारांची. तिची प्रत्येक चूक सगळ्या वस्तीला ऐकू जायची. आणि जिच्या वाद्यातून आवाजच निघत नव्हता ती मी, तिला सुधारायला बसायची. "काय ते भांडे घासून राह्यली! सूर म्हणतात याले?" ती चिडायची नाही, पुन्हा वाजवायची. त्याचा मला जास्त राग यायचा.

एका उन्हाळ्यात तिच्या डाव्या हाताची बोटं पार सोलली होती. मी मुद्दाम वर्षाच्या मिरचीचं पोतं तिच्यापुढे ओतलं. "देठ खुड. मले फळीवर बसाचं आहे." तिनं अख्खं पोतं खुडलं. संध्याकाळी हात मडक्यातल्या पाण्यात बुडवून बसली. मी समोर बसून पाहत होते. मला वाईट वाटलं नाही. आता लिहिताना वाटतं म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही.

पुढच्या चैत्रात मला पाहायला हिंगणघाटकडचे पाहुणे आले. बाबा अभिमानानं बोलून गेले, "पोरगी पियानो वाजवते."

"मंग ऐकवा ना," मुलाची आत्या म्हणाली.

एखादी शहाणी मुलगी लाजली असती, विषय टळला असता. मी आत गेले, फळी घेऊन आले, पाहुण्यांपुढे पाटावर ठेवली आणि डोळे मिटून वाजवू लागले.

घरात इतकी शांतता की चहात पडलेली माशी ऐकू यावी. मग आत्या म्हणाली, "पोरगी कणीक मळून राह्यली का वो?"

कोणीतरी खोकलं. आणि तेवढ्यात सूर आले. तीच प्रार्थना, माझ्या बोटांच्या बरोबरीनं, जरा जाडसर. मधल्या दाराला आईचं पातळ टांगलं होतं आणि त्यामागे बसून बहीण फटीतून माझी बोटं बघत गिटार वाजवत होती. मी चुकले तिथं तीही थांबली, मी धावले तिथं तीही धावली. माझ्या ज्या चुका कधी कोणाला ऐकूच आल्या नव्हत्या, त्या तिनं त्या दिवशी झाकून घेतल्या.

आत्यानं वाकून फळीच्या खाली पाहिलं. "तारा अंदर आहेत काय?"

"हो," मी म्हणाले.

बाबांनी कपातून मान वर काढली नाही. सासूबाई मात्र खूश. "शिकल्या घरचं काही वेगळंच असते बाप्पा!" होकार तिथंच आला. जाताना आत्या म्हणाली, "साक्षगंधाले येऊ तवा अजून ऐकू."

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दहा दिवसांवर. बहिणीचे आभार मानायचे सोडून मला एकच धास्ती : ही पोट्टी त्या दिवशी उघड्यावर गिटार घेऊन बसली आणि आत्यानं तो आवाज ओळखला तर? त्यात भीमजयंतीच्या गाण्यांच्या पार्टीनं बहिणीला वाजवायला बोलावलं होतं. मला नाही. फळीवाल्या बाईला कोण बोलावतं?

एका सकाळी ती शेजारी गेली होती. मी शिडी लावली आणि गिटार स्वयंपाकघरावरच्या टिनाच्या पत्र्यावर नेऊन ठेवली. त्या टिनावर आमच्याकडे पापड दोन तासांत वाळतात. चार वाजता खाली आणली तेव्हा गिटारीचं पोट फुगलं होतं, सांधे उकलले होते आणि तारा बांधायची पट्टी उखडून तारांना लोंबत होती. "लाकूडच खराब होतं," मी बहिणीला म्हणाले. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि सरपणात ठेवली. साक्षगंधाच्या पाहुण्यांचा चहा त्याच लाकडावर झाला. मी बोटाला चिंधी गुंडाळून बसले होते. लागलं म्हणून सांगितलं, वाजवायचं टळलं. बहिणीनं पुन्हा कधी गिटार घेतली नाही.

यातलं नातीला मी अर्थातच काही सांगितलं नाही. "तुझी लहान आजी वाजवायची थोडीफार," एवढंच म्हणाले.

"मग तू पियानो वाजवून दाखव ना! मग मी ठरवते."

मुलानं बटण दाबलं. लाल दिवा लागला. दुसऱ्यांदा मी लाजून विषय टाळायला हवा होता. सत्तरीला टेकले तरी अक्कल आली नाही. बसले, डोळे मिटले, मान डोलवली आणि तीच प्रार्थना सुरू केली. बोटं फळीच्या मापानं पडत होती आणि या पियानोच्या पट्ट्या बारीक. जे बाहेर पडलं त्याला मी नाव देत नाही. दारातलं कुत्रं उठून गेलं. आपल्या चुका इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि थांबावं कसं ते कळत नव्हतं.

बहिणीनं सूप बाजूला ठेवलं. "बाई, फळीच बरी होती."

"कोणती फळी?" नात.

"पियानोच घे पोरी," बहीण तिला म्हणाली. "गिटार घरात ठेवाले घरची माणसं चांगली लागतात."

मुलगा, सून, नात, तिघंही माझ्याकडे पाहायला लागली. पोरगी आता हो म्हणेल, पियानो घेईल, माझ्या खोट्यावर तिची दहा वर्षं जातील, हे मला दिसत होतं. शिवाय बहीण तूर सोलायचं थांबली होती.

"मीच ठेवली होती टिनावर," मी म्हणाले. मग फळीपासून टिनापर्यंत सगळं सांगितलं. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेवटी मी बहिणीकडे वळले. "तुले मालूम होतं?"

"मालूम? मी बाजूच्या वट्ट्यावर मिरच्याच खुडून राह्यलती. तू शिडी चढली तेही दिसलं. चार वाजेपर्यंत टिनावर दिसत होती ते गिटार."

"मंग उतरवली काऊन नाई?"

"उतरवली असती, मी जयंतीत वाजवलं असतं, आत्याच्या कानावर गेलं असतं, तुहं लगन मोडलं असतं. मंग तू घरीच राह्यली असती ना माय!" तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मी हिशेब केला. गिटार देऊन तुहं जाणं सस्तं पडत होतं. तू गेल्यावर घर असं शांत झालं, काय सांगू."

सून हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली.

नातीनं गिटार उचलली, मांडीवर घेतली, एक तार छेडली. ती फडफडलीच. "मी हीच शिकते," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं आणि पुढे म्हणाली, "पण कपाटात ठेवीन. कुलूप लावून."

"कुलूप कायले?" बहीण शेंग फोडत म्हणाली. "हिचे गुडघे गेले. टिनावर चढत नाई आता ही."