सुरतेतल्या आमच्या चार खोल्या

सुरतेला डिंडोलीच्या बाजूला आमच्या चार खोल्या आहेत. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या. आमच्या नवऱ्यांचं नाव त्या कागदांवर कुठेही नाही. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि सांगताना अजूनही बरं वाटतं.

आम्ही नंदुरबारच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा जाऊबाई गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर कामाला जायच्या. मोकळ्या जागेत नजर पोचेल तिथपर्यंत लाल मिरची वाळत घातलेली असते, तिथे बसून देठ खुडायचे. मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. संध्याकाळी हात असे भगभगायचे की पातेल्यात ताक घेऊन दोघी त्यात हात बुडवून बसायचो. अशाच एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "धाकली, मिरची आपण खुडतस नि मसाला दुसराच इकतस. आपणच का बरं नही इकानं?"

मी म्हटलं, "बाई, नंदुरबारमा मसाला कोण इकत ली? घरोघर कुटतस."

"नंदुरबारमा नही व माय. सुरतले."

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं कामासाठी सुरतेला जाऊन राहिलेली. त्यांना तिथे सगळं मिळतं, पण काळा मसाला, भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आणि तळायचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, आपल्या चवीचे मिळत नाहीत. आम्ही सकाळच्या गाडीने पिशव्या घेऊन जायला लागलो. नवापूर येईपर्यंत डब्यात निम्मे लोक शिंकत असायचे. एकदा एक गृहस्थ रागावून दुसऱ्या डब्यात गेले आणि उतरताना आमच्याकडून अर्धा किलो मसाला घेऊन गेले.

घरोघर फिरताना आम्हाला कळलं की आपले लोक कसे राहतात. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं. पाहुणा आला की घरमालक कुरकुर करणार, आणि दिवाळीला गावी जाऊन आलं की खोली दुसऱ्याला दिलेली. मसाला घेता घेता बायका आम्हालाच विचारायच्या, कुठे खोली आहे का.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे गुजराती म्हातारी, सगळी गल्ली तिला बा म्हणायची. पुढे तिचं घर आणि मागे एका ओळीत चार खोल्या. मुलगा तिला बडोद्याला घेऊन जाणार होता. पुढचं घर दिराच्या मुलाकडे राहणार होतं, खोल्या विकायच्या होत्या. दलाल रोज येऊन बसत. बा आम्हाला म्हणाली, "दलालने नथी आपवुं. तमे लई लो." दलालाला नाही द्यायच्या, तुम्ही घ्या. मी हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. परतीच्या गाडीत त्या बोटांवर हिशेब करत होत्या, आणि व्यारा आलं तसं म्हणाल्या, "लेवूत." घेऊ या.

मसाल्याचा नफा आम्ही पोस्टात टाकत आलो होतो. कमी पडणार होतं ते बचत गटातून मिळण्यासारखं होतं. घरी विषय काढला तेव्हा माझे जेठ, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, ताटावरून उठलेच.

"घर तठे, आपण आठे. भाडं कोण मांगी? नळ फुटना तं कोण पाही? त्यापेक्षा वावर ल्या."

जाऊबाई शांतपणे ताक वाढत होत्या. म्हणाल्या, "वावर लिधं तं सातबारावर कोनं नाव लागी?"

जेठांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. माझे यजमान ताटाकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "लेऊ द्या ना, दादा. त्यासना पैसा शे." त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला. तो मी त्यांना बोलून दाखवला नाही, पण रात्री भाजीत तेल जास्त पडलं.

खरेदीच्या दिवशी दोघी नवीन साड्या नेसलो. सुरतेच्या नोंदणी कचेरीत लिहिणारा माणूस कागद हातात घेऊन आमच्या मागे कुणी आहे का ते बघत होता. "भाई क्यां छे?" त्याने विचारलं. जाऊबाईंना गुजराती समजतं, पण बोलायचं तर त्या अहिराणीतच बोलतात. म्हणाल्या, "भाई वावरमा शे. पैसा आमना शे, सही बी आमनीच ऱ्हाई." त्याला किती समजलं कोण जाणे, पण पेन त्याने पुढे केलं. जाऊबाई सही करायला महिनाभर शिकत होत्या. शेवटच्या अक्षराचा काना जरा लांब गेला. बा बाजूला बसून डोळे पुसत होती, आणि मीही.

आमची मुलगी मोबाईलवर एका माणसाचं बोलणं ऐकवते. घर घ्या, भाड्याने द्या, झोपेतसुद्धा पैसे येतील, असं तो सांगतो. मला त्या माणसाला एकदा भेटायचंय. आमचा पहिला भाडेकरू निघून गेला तेव्हा छताचा पंखाही घेऊन गेला. दुसऱ्याने भिंतीला असा रंग दिला की दिवसा दिवा लावावा लागायचा. जाऊबाई पंखा बसवणाऱ्याजवळ उभ्या राहून सगळं बघायच्या, आणि मी फोनवर हिंदीत भांडायला शिकले. त्याआधी मी मराठीतही कुणाशी भांडले नव्हते.

मग शेवटच्या खोलीत एक ओडिशाचं जोडपं राहायला आलं. तो कापडाच्या मागावर कामाला, आणि ती घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापून द्यायची. ती आम्हाला मौसी म्हणायची. तिच्या दारात साड्यांचे ढीग आणि धाग्यांचा रंगीत कचरा, पण खोली आरशासारखी. तिनेच ओळखीतली माणसं आणून बाकीच्या खोल्या भरल्या. आम्हाला वाटलं, आता लागलं सगळं रांगेला.

त्याच पावसाळ्यात तिचा फोन आला. "मौसी, खाडी का पानी घर में आ गया." तिचा आवाज रडका नव्हता, थकलेला होता. वस्तीजवळून वाहणारी खाडी चढली होती. चारही खोल्यांत गुडघ्याएवढं पाणी, माणसं शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर.

जेठ ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "सांगं व्हतं मी. पैसा पानीमा गया."

जाऊबाई भाकरी करत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "पैसा नही गया. पानी जाई. खोल्या तठेच शेतस."

गाडी सुरू झाल्याबरोबर आम्ही निघालो. भाकरी, ठेचा, जुन्या गोधड्या आणि दोन फावडी घेऊन. पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि मागे चिखल राहिला होता, काळा, चिकट, घाण वासाचा. त्या बाईच्या साड्यांचा सगळा माल भिजला होता. तो तिचा नव्हता, भरून द्यावा लागणार होता. ती उंबऱ्यावर बसली होती. आम्हाला पाहून उठली आणि पहिलं काय म्हणाली, तर "मौसी, इस महीने का भाडा..."

जाऊबाईंनी तिच्या तोंडासमोर भाकरी धरली. "पहले खा. भाडं मांगाले आम्ही फावडं लई येसूत का?"

तिला शब्द कळले नसतील, फावडं कळलं. ती हसली आणि मग रडली. दिवसभर आम्ही, ती, तिचा नवरा आणि बाकीचे भाडेकरू, सगळ्यांनी मिळून चिखल काढला. गल्लीतल्या दुसऱ्या खोल्यांचे मालक फोनवर होते, काही आलेच नाहीत. एक बाई आमच्याकडे बघून म्हणाली, "ये मालकिन हैं?" तेव्हा माझी साडी पोटरीपर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत काळे. मी ताठ उभी राहून म्हटलं, "हाँ. दोनों."

त्या महिन्याचं भाडं आम्ही घेतलं नाही. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता मसाल्यातून भरला. पुढे खोल्यांची जमीन भर घालून उंच केली, दारांशी दोन पायऱ्या आल्या. भर घालायला भाडेकरूंनी रविवारी हात लावला. पुढच्या वर्षी खाडी पुन्हा चढली, पायरीपर्यंत आली आणि परत गेली. मला फोटो पाठवला त्या ओडिशाच्या बाईने. मी तो जेठांना दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आखो एक पायरी पाहिजे व्हती." आणखी एक पायरी हवी होती म्हणे; काम चांगलं झालं असं म्हणायची त्यांची ती पद्धत.

तेव्हापासून खरंच फारसं काही करावं लागत नाही. खोली रिकामी होण्याआधी तिथल्याच कुणाचा तरी भाऊ, मेहुणा रांगेत असतो. भाडं तारखेला फोनवर येतं. जाऊबाईंनी त्यातून गुडघ्याचा इलाज केला, कुणाकडे हात न पसरता. मी मुलीला नर्सिंगला घातलं. जेठ एकदा सुरतेला लग्नाला गेले होते, तर वऱ्हाडातली चार माणसं घेऊन खोल्या दाखवायला गेले. भाडेकरणीने मला नंतर सांगितलं, "बाबूजी बोल रहे थे, ये हमारा है." आम्ही दोघी खूप हसलो. असू दे, म्हटलं. बोलू दे त्यांना.

गेल्या उन्हाळ्यात त्या ओडिशाच्या बाईने आम्हाला बोलावून घेतलं. चहा दिला, आणि नवऱ्याकडे बघून सांगितलं की ते खोली सोडताहेत. मी कप खाली ठेवला. मग तिने सांगितलं की दोन गल्ल्या सोडून त्यांनी स्वतःची खोली घेतलीय, कागद तिच्याच नावाने केलाय.

गृहप्रवेशाला आम्ही दोघी गेलो. तिच्या माहेरचं कुणी येऊ शकलं नव्हतं, म्हणून तिने जाऊबाईंना पाटावर बसवलं. जाऊबाईंनी तिची ओटी भरली, नारळ फोडला आणि खोलीत फिरून भिंतीवर हात ठेवून पाहिलं. मग छताकडे बोट करून तिला म्हणाल्या, "वर माळा काढ. एक खोली भाड्याने देवाले व्हई."

ती वर बघायला लागली. तिचा नवराही बघायला लागला. मी पिशवीतून बिबडे काढले आणि तेल तापत ठेवलं.