पहिल्या मजल्यावरची म्हैस

धायरीत ओढ्याचं पाणी एका सोसायटीत शिरलं, तेव्हा मी बातमीसाठी तिथं होतो. पार्किंगमध्ये कमरेइतक्या पाण्यात एक गृहस्थ आपल्या म्हशीला जिन्याकडे रेटत होते. डोक्यावर टोपी, अंगात बहुधा मुलाच्या सॉफ्टवेअर कंपनीचा टी-शर्ट. इमारतीची जमीन मूळची त्यांचीच. बदल्यात बिल्डरने फ्लॅट दिले. म्हैस मात्र त्यांनी विकली नाही, पार्किंगमध्ये बांधली.

"अहो, जनावर जिन्यात नको!" पहिल्या मजल्यावरून सेक्रेटरी ओरडले.

"तुमच्या गाडीला विमा हाय. ही वाहून गेली तर कोण देणार?" असं म्हणत त्यांनी म्हशीचं शेपूट पिरगाळलं. ती फुरफुरत पायऱ्या चढू लागली.

इथून ओढा जायचा का, असं मी विचारलं.

"जायचा की. जागा आम्ही विकली, पाण्याला सांगायचं राहिलं."

संध्याकाळी पाणी ओसरलं, पण म्हैस जिना उतरेना. गृहस्थ सेक्रेटरींच्या दारातच धार काढायला बसले. रस्ता बंद असल्याने पिशवीचं दूध आलं नव्हतं. थोड्या वेळाने सेक्रेटरी पातेलं घेऊन बाहेर आले.

पातेलं भरून देत गृहस्थ म्हणाले, "बघून घ्या. आज पाणी फुकट होतं, तरी घातलं न्हाय."