मधला खण

चंद्राआक्का बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'हं' ठेवते. वीट बसवून वरून थापीनं एक ठोका द्यावा, तसा. "खोली सारवून जायाची, हं. चूल भाईर मांडायची, हं. भितीला पान थुकायचं न्हाई, हं." हा 'हं' आमच्या आख्ख्या आळीला काढता येतो. हुबेहूब मात्र फार थोड्यांना जमतो, कारण त्यात दरारा जितका आहे तितकीच धास्ती आहे, आणि ती धास्ती घशात आणायला वेळ लागतो.

आमचं गाव फलटणच्या दक्षिणेला, माणदेशाच्या वाटेवर. पौषात खंडोबाची यात्रा भरते. गावात धर्मशाळा एकच, आणि तिच्यात आधीच गोसावी आणि कुत्री. मग यात्रेकरू घराघरातून जागा मागत फिरतात. आक्काचा नवरा हंबीरराव पलटणीत भरती होऊन इटलीला गेले, त्या वर्षी आक्कानं हे फिरणं बघितलं आणि घराच्या कडेला यात्रेकरूंसाठी एका ओळीत तीन खोल्या बांधायला काढल्या. केरबा गवंडी सांगतो, "म्या काय बांधलं? म्या निस्ता हात हलवला. बाय येकेका दगडाफुडं पोरगी बगाय आल्यागत बसायची." तुळया तिनं स्वतः ठोकून, कान लावून घेतल्या. तिन्ही खोल्यांवर माळवद केलं, म्हणजे तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर पांढरी माती चोपून केलेलं सपाट छप्पर.

यात्रेचे चार दिवस खोल्या भरायच्या. माणसं कशी ठेवावीत हे आक्का ठेचकाळत शिकली. कोऱ्या वहाणांचा माणूस जाताना भिंत रंगवून जातो आणि मातकट पायांचा माणूस खोली सारवून जातो, हे तिला दुसऱ्याच यात्रेत कळलं. तेव्हापासून ती पाहुण्याचं तोंड नंतर बघते.

एक गोष्ट मात्र ती उलटी शिकली. तिची सासू हरणाबाई सांगून गेली होती, "माळवदावर माती चढवावी, उतरवू न्हाई. माती उतरवली की घराचा पदर उतरला." पावसाळ्याआधी मातीचा एक थर टाकायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. पण आक्काची आणखी एक खोड होती. कुणी पाहुणा जाता जाता म्हणाला, "आक्का, कोपऱ्यात जरा ठिपकतंय," की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि दुसऱ्याच दिवशी ती माळवदावर आणखी पाट्या ओतायची. तिसऱ्या वर्षी माती इतकी चढली की पाणी पडायच्या पन्हळाचं तोंड बुडालं. तेव्हा तिनं पन्हळ उपटून वर बसवलं. माती काढली नाही.

लढाई संपली, हंबीरराव परत आले. मिशा वाढलेल्या, अंगावर खाकी कोट, तोंडात पलटणीची हिंदी. त्यांची नक्कल सोपी आहे, छाती पुढे काढली की निम्मी झाली. पुढच्या यात्रेच्या आदल्या आठवड्यात आक्का त्यांना म्हणाली, "आवं, मधल्या खोलीचं दार लागंना."

"तेल घाल."

"बिजागरी न्हाई कुरकुरत. वरनं दाबतंय. पौषात दार फुगत न्हाई."

"चंद्रे, हम इटली में था. वरनं बाम पडायचं आन आमी खाली घोरायचो. तू दाराला भितीस?"

त्या दिवसापासून आक्का मधल्या खोलीत शिरली की आधी मान वर करायची. पिठाच्या परातीत पांढरी भुकटी दिसली तर बोटानं उचलून जिभेला लावायची. पीठ आहे की माती, हे तिला बघायचं असायचं. केसात हात घालून हात बघायचा. शेजारी तानुबाई म्हणाली, "काय गं, उवा झाल्या व्हय?" आक्का हसली नाही.

यात्रेला आष्ट्याहून लालासाहेब आले. हा माणूस शेजारी बसलेल्याशीसुद्धा उसाच्या पल्याडच्या बांधावर हाक मारल्यासारखा बोलतो. सोबत म्हातारी आई बनुबाई, पायानं अधू आणि कानानं बहिरी. शिवाय सगळी भावकी. आक्कानं मधली खोली कुलूप लावून ठेवायचं ठरवलं होतं, पण ती देवळात गेली तेवढ्यात हंबीररावांनी ती बनुबाईला देऊन टाकली. वर आणखी म्हणाले, "मानसं जास्ती हायती? माळवद मोकळं हाय की! पालखी वरनं झ्याक दिसती."

आक्का परतली तेव्हा लालासाहेब शिडीवर होते.

"आवं दाजी, वर नका जाऊ. तुळईचा भरोसा न्हाई, हं."

"आगं आक्का," लालासाहेब गरजले, "ह्या तुळईवर हत्ती नाचंल गं! आमच्या वजनाला काय हुतंय?" आणि सगळे खो-खो हसले. हंबीररावही हसले. आक्का नवऱ्याकडे बघत राहिली. चार माणसांत बाईनं छपराची गोष्ट काढली, तर ती घाबरट ठरणारच होती.

दुपार कलली. पालखी देवळातून निघाल्याचा ढोल लांबून ऐकू येऊ लागला आणि माळवदावर माणसं दाटली. बायका, बापे, कडेवरची पोरं. सगळे मधल्या खणावर, म्हणजे मधल्या खोलीच्या छपरावर, कारण तिथूनच वेशीचं वळण दिसतं. खाली आळीत भंडाऱ्यानं हवा पिवळी झाली होती. आक्का बनुबाईला भाकरी द्यायला मधल्या खोलीत शिरली, आणि तेव्हा तुळई बोलली.

मोठा आवाज नव्हता. सुपारी फुटावी तेवढाच. आक्कानं वर पाहिलं. तुळईच्या पोटाशी एक उभी चीर गेली होती आणि चिरेतून पांढरी माती धाग्यासारखी गळत होती. बनुबाई शांतपणे डोक्यावरची माती झटकत म्हणाली, "उंदरं लय झाल्यात गं तुज्या घरात."

आक्का बाहेर आली.  ओरडावं तर ओरडता येईना, आणि त्याला कारण होतं. लहानपणी माहेरी शर्यती बघायला असंच एक माळवद भरलं होतं. कुणीतरी "पडलं!" म्हणून ओरडलं, सगळे एकदम एका अंगाला धावले आणि त्या धावण्यानंच माळवद खाली आलं. तिचा चुलता त्यात गेला. आता "पळा" म्हटलं तर पळण्यानंच मरतील, आणि "उतरा" म्हटलं तर हसतील. ढोल तर जवळ येत होता. पालखी वळणावर आली की वरची माणसं यळकोट करून नाचणार, हे सांगायला जोशीबुवा नको होता.

तिनं केस सोडले.

यात्रेत बाईच्या अंगात येणं आमच्याकडे नवं नाही. पण आक्काच्या अंगात कधी आलं नव्हतं. उलट अंगात येणाऱ्या बायकांना ती पाठीमागे 'घुमणाऱ्या भवऱ्या' म्हणायची. आता ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि छातीतून "हूंऽ हूंऽ" असा आवाज काढू लागली. थरथर तिला आणावी लागली नाही. ती आधीच होती.

"कोन हाय रंऽ वरती? म्या रस्त्यानं येतुया, आन माज्या डोईवर कोन उभं ऱ्हायलंय?"

वरचं हसणं थांबलं. तानुबाई धावत आली आणि आक्काच्या कपाळाला भंडारा फासला. लालासाहेबांनी वरूनच हात जोडले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसाएवढा झाला. "देवा, चुकलं. उतरतो, देवा." आणि ते कठड्यावरून उडी टाकायला वाकले.

"उडी न्हाईऽ!" आक्का किंचाळली. "उडी टाकशील तर तुज्या उसाला तुरं फुटून त्यो पोकळ हुईल! वहाना काडा. येकेक जन. भितीकडनं चाला. मधल्या खनात पाय ठिऊ नगा. म्होरला खाली उतरल्याबिगर मागच्यानं शिडीला हात लावायचा न्हाई."

 एकामागून एक, भिंतीला चिकटून, देवळात गाभाऱ्यापुढून सरकावं तशी माणसं सरकत होती. आक्का खाली घुमत होती, पण तिचे डोळे मिटलेले नव्हते. ते मधल्या खोलीच्या दारावर होते. एकेक माणूस उतरलं की आक्काच्या ओठांची हालचाल व्हायची, आणि ती मंत्र म्हणत नव्हती, उरलेली माणसं मोजत होती. एक पोरगं शिडीवर मध्येच रडत थांबलं. आक्कानं घुमणं थांबवलं नाही, पण घुमता घुमता ती शिडीकडे दोन पावलं सरकली. पोराच्या बापानं त्याला उचललं, शिडी करकरली, आणि पोर खाली आलं.

शेवटी लालासाहेब उतरले आणि सरळ तिच्या पायांवर पडले.

"बनुबाई कुटं हाय?" देव म्हणाला.

"आत हाय, देवा. तिला चालाय येत न्हाई."

लालासाहेब उठायच्या आत हंबीरराव आत गेले होते. सावकाश नाही, वाकून, धावत. आतून बनुबाईचा आवाज आला, "आरं मेल्या, भाकर तर खाऊ दी!" आणि हंबीरराव तिला पोत्यासारखी पाठीवर टाकून बाहेर आले. ते अंगणात चार पावलं आले नसतील, तोच तुळई फुटली. मधला खण सबंधच्या सबंध खाली बसला. दारातून पांढऱ्या धुळीचा लोट बाहेर आला आणि सगळी भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं एका क्षणात पिठाची झाली.

पालखी वळणावर आली तेव्हा तिच्याकडे बघायला आमच्या आळीत कुणी नव्हतं. सगळे आक्काच्या पायांशी. कुणी विचारतंय, "देवा, पोरगी उंब्रजला देऊ का?" कुणी म्हणतंय, "देवा, म्हस आटली." आक्काला घुमणं थांबवता येईना आणि चालूही ठेवता येईना. शेवटी ती तशीच घुमत घुमत गोठ्यात शिरली आणि गव्हाणीआड बसून तिनं तोंडात पदर कोंबला.

हंबीरराव मागून आले. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"आवं, एक सांगू?" आक्कानं विचारलं.

"नगं."

"माज्या अंगात काय बी न्हवतं आलं."

"ठावं हाय मला."

"कवा कळलं?"

"भितीकडनं चाला म्हनलीस तवा. देवाला तुळईची काय खबर?"

आक्कानं मोकळे केस मागे बांधले. "मंग आत कशाला गेलासा? त्यो हुकूम देवाचा न्हवता."

"देवाचा आसता तर आदी नमस्कार केला आसता, मंग इचार केला आसता," हंबीरराव म्हणाले. "तू भ्यालीस म्हनून आत पळालो."  त्यांनी खाकी कोटावरची माती झटकली.

"देवाचं सोंग घेतलं, आवं. त्याच्याच दिसाला. आता काय हुईल?"

 

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं अंगणात उभं राहून सगळ्यांना खरं सांगितलं. अंगात आलं नव्हतं, तुळई फुटायला आली होती, म्हणून सोंग केलं. लालासाहेब गहिवरून म्हणाले, "बगा, देवाला मोठेपना नगं आसतो!" कुणीच ऐकेना. माणसं पडलेल्या ढिगातली माती रुमालात, पदरात बांधून अंगारा म्हणून नेऊ लागली. तानुबाईनं तर घमेलं आणलं.

आक्का त्या गर्दीकडे बघत होती, मग उरलेल्या दोन खोल्यांच्या माळवदांकडे. पदर कमरेला खोवून तिनं फावडं उचललं. "खाली उभं ऱ्हावा," ती लोकांना म्हणाली. "म्या वरनं टाकते. लागंल तेवडी न्या. वर कुनी यायचं न्हाई."

ती शिडी चढली. हंबीररावांनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती, आणि यावेळी ते हसत नव्हते. ती भिंतीच्या कडेला पाय ठेवून उभी राहिली, थोडी थांबली, आणि सासूचं नाव घेऊन पहिलं फावडं मारलं. माती खाली पडली, खाली यळकोट झाला. ती कडेकडेनं सरकत राहिली, एक पाऊल, मग थांबून ऐकणं, मग दुसरं. माळवदाच्या मधोमधच्या मातीला दुपारपर्यंत तिचा हात लागला नव्हता.